अडलेलें यंत्र

यंत्र अडलें म्हणजे मनुष्य प्रथम यंत्राकडे पाहत नाहीं. तो भोंवतालच्या माणसांकडे पाहतो. "कोणीं हात लावला होता?" हा प्रश्न त्याच्या मुखावाटे आधीं निघतो, आणि "काय बिघडलें असेल?" हा मागाहून. हा मनुष्यस्वभाव आम्हीं अनेक घरीं व अनेक शाळांत पाहिला होता. परंतु तो आमच्याहि अंगीं पुरेपूर भरलेला आहे, हें आम्हांस गेल्या नोव्हेंबर महिन्यांत कळून आलें. ती हकीकत आम्हांस भूषणावह नाहीं. तरीपण वर्षानुवर्षें मुलांस "चूक झाली तर कबूल करा" असें सांगणाऱ्या शिक्षकानें आपली स्वतःची चूक मात्र झांकून ठेवावी, हें योग्य नव्हे. शिवाय या हकीकतींत विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगाची एक व्यवहाराची गोष्टहि आहे. म्हणून ती या वार्षिकांत देत आहों.

आमच्या शाळेच्या कचेरीलगतच्या खोलींत एक संगणक आहे. मुलांच्या सरावासाठीं दुसरे आहेत, पण ते जुने आहेत. इंटरनेटची जोड व प्रिंटर हीं दोन्ही या एकट्यासच लाभलीं आहेत. साहजिकच साऱ्या शाळेचा भार त्याच्यावर पडतो. शालान्त परीक्षेचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्तीचे कागद, गुणांचे तक्ते, आणि हें जें वार्षिक आज तुमच्या हातांत आहे त्याचे लेख, हें सर्व त्या एकाच पेटींतून बाहेर पडतें. या पेटीस सर्वजण सीपीयू म्हणतात. ती टेबलाखालीं भिंतीस पाठ लावून उभी असते, आणि तिच्या पाठीमागें वायरींचें एवढें जाळें झालें होतें कीं, तेथें हात घालावयास आमचे शिपाईमामाहि नाखूष असत.

नोव्हेंबर हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसाचा महिना. वेचणी सुरू होते, वर्गांतील बांकें रिकामीं दिसूं लागतात, आणि ज्या पालकांस अर्जावर सही करावयास बोलवावें ते शेतांत असतात. अशा धांदलींत दहावीच्या अर्जांची मुदत एका बुधवारीं संपावयाची होती. साठांपैकीं सदतीस अर्ज रवाना झाले होते. तेवीस राहिले होते, आणि त्या तेविसांचीं छायाचित्रें, सह्या व सर्व माहिती त्या यंत्रांत उतरवून ठेविली होती. मुदत टळली तर विलंबशुल्काचा भुर्दंड ज्यांच्यावर पडावयाचा, त्या घरीं शंभर रुपयांचाहि हिशेब करावा लागतो, हें आम्हांस ठाऊक होतें.

सोमवारीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास आम्हीं यंत्राची कळ दाबली. पंखा फिरूं लागला. पडद्यावर कारखानदाराचें नांव क्षणभर चमकलें व नाहींसें झालें. त्यानंतर नेहमींची निळी पाटी यावयाची, ती आली नाहीं. सगळा पडदा काळाभोर झाला, आणि त्याच्या वरच्या डाव्या कोंपऱ्यांत एक लहानशी पांढरी आडवी रेघ लुकलुकूं लागली. आम्ही पांच मिनिटें थांबलों. रेघ लुकलुकतच होती. आम्हीं यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. तीच रेघ. असें सात वेळां झालें. आमच्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत आम्हीं यवतमाळांतच एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पुरा केला होता, व त्याचें प्रमाणपत्र आम्हीं घरीं कांचेंत बसवून ठेविलें आहे. परंतु यंत्र चालविणें निराळें आणि अडलेल्या यंत्राची नाडी पाहणें निराळें, हें त्या सकाळीं प्रथमच ध्यानांत आलें.

आठव्या वेळीं कळ दाबण्याऐवजीं आम्ही दहावीच्या वर्गांत गेलों, आणि विचारलें, "शनिवारीं कचेरीजवळचा संगणक कोणीं वापरला होता?"

मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचें नांव येथें देत नाहीं. तो तुमच्यांतलाच आहे. "मी वापरला, सर," तो म्हणाला.

"तूं काय केलेंस?"

"निबंध टाइप केला, सर. वार्षिकासाठी. दुसरं काही नाही."

"मग तो बंद कसा केलास?"

"तुम्ही म्हणाला होता, आहे तसाच राहू दे. म्हणून तसाच ठेवून गेलो, सर."

हें उत्तर आमच्या कानांवर पडलें, पण मनांत शिरलें नाहीं. मनानें आपला निकाल आधींच देऊन टाकला होता. आम्हीं त्या मुलावर हात उगारला नाहीं, कीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें नाहीं. परंतु एकुणसाठ मुलांच्या देखत आम्ही म्हणालों, "ज्यास दुसऱ्याची वस्तु सांभाळतां येत नाहीं, त्यानें तिला हात लावूं नये." त्यास संगणकाच्या खोलींत येण्याची बंदी केली, आणि त्याच्या वडिलांनीं येऊन भेटावें अशी चिठ्ठी दिली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. ज्या तेवीस मुलांचे अर्ज अडले होते, त्यांत त्याचा स्वतःचाहि अर्ज होता, हें त्या क्षणीं आमच्या लक्षांतहि आलें नाहीं.

दुपारीं आम्हीं शहरांतील एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांस फोन केला. काळा पडदा व लुकलुकणारी रेघ, एवढीं दोन लक्षणें सांगितलीं. ते म्हणाले कीं, हार्ड डिस्क गेली असावी. नवी घालण्यास चार हजारांपर्यंत खर्च येईल, आणि जुनीवरील मजकूर परत मिळेल कीं नाहीं हें पेटी पाहिल्यावांचून सांगतां येणार नाहीं. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. वैद्यास अर्धींच लक्षणें सांगितलीं तर तो औषध तरी पुरतें कोठून देणार? त्या रात्रीं आम्हांस झोंप नीट लागली नाहीं. तेवीस अर्ज डोळ्यांपुढें दिसत होते.

मंगळवारीं पहिल्या एस. टी. गाडीनें मुलाचे वडील आले. वय आमच्याएवढेंच. दारव्हा रस्त्यावरील एका खेड्यांत पिठाच्या गिरणीवर ते काम करतात, आणि थोडी कोरडवाहू जमीन आहे. सदऱ्याच्या शिवणींत पिठाचे कण अजून दिसत होते. आम्हीं बसा म्हटलें तरी ते बसले नाहींत. त्यांनीं रुमालाची गांठ सोडली व नोटा टेबलावर ठेविल्या.

"हे दोन हजार हायेत जी, गुरुजी. कापूस विकला का बाकीचे देतो. पण पोराचा अर्ज थांबवू नका जी."

आम्हांस काय बोलावें तें सुचेना. नुकसान किती आहे तें अजून ठरावयाचें आहे, असें कांहींसें आम्ही पुटपुटलों. तेव्हां त्यांनीं खोलींत डोकावून यंत्राकडे पाहिलें आणि संकोचानें विचारलें, "एक विचारू का जी? हे यंत्र पुरतंच बंद हाय, का उठते अन् अडते?"

"उठतें, भाऊ, पण पुढें जात नाहीं," आम्हीं सांगितलें.

"मंग याले मागून काय काय जोडलं हाय?"

आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही जी. पण गिरणीत मोटर नुसती घुमते अन् उठत नाही, तवा आमी लगेच मोटर नाही खोलत. पयले पट्टा उतरवतो. पट्टा उतरवून मोटर मोकळी फिरली, त मोटर चांगली हाय, अडते ते चक्कीत. मोकळी बी नाही फिरली, त मंग मोटरीकडे पाहायचं."

विद्यार्थ्यांनो, तर्कशास्त्राच्या पुस्तकांत जी रीत पानेंच्या पानें खर्चून समजावितात, ती त्या गृहस्थांनीं चार वाक्यांत सांगितली. जेथें अनेक वस्तु एकमेकींस जोडल्या आहेत, तेथें दोष कोणत्या वस्तूंत आहे हें नुसतें बघून कळत नाहीं. त्या वेगळ्या केल्या म्हणजेच कळतें. आम्ही पदवीधर खरे, पण हें आम्हांस सुचलें नव्हतें.

आम्हीं वीज बंद केली, आणि एक एक वायर काढावयास आरंभ केला. प्रिंटर काढला. वेब-कॅमेरा काढला. ध्वनीचे दोन डबे काढले. बोटांचे ठसे घेणारें लहान यंत्र काढलें. माउसहि काढला. केवळ पडदा व की-बोर्ड ठेवून कळ दाबली. कारखानदाराचें नांव आलें, गेलें, आणि कोंपऱ्यांत तीच पांढरी रेघ पुन्हां लुकलुकूं लागली.

"पाहा भाऊ," आम्ही म्हणालों, आणि सांगावयास लाज वाटते, पण त्या बोलण्यांत किंचित् समाधानहि होतें, "सर्व काढलें, तरी तेंच."

"सगळं काढलं का जी?"

"सगळें."

ते गुडघे टेकून टेबलाखालीं शिरले, मोबाइलचा दिवा लावला, आणि पेटीच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरविला, जसा गिरणींत अंधारांत जात्यावरून फिरवीत असतील तसा. मग त्यांचा हात थांबला. "हे काय हाय जी, नखाएवढं?"

त्यांच्या चिमटींत एक लहानसा पेनड्राइव्ह होता. त्यास तांबडा दोरा बांधला होता. विसरूं नये म्हणून तो दोरा आम्हींच बांधला होता.

क्षणार्धांत सर्व शनिवार आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. "आहे तसाच राहू दे" असें आम्हीं त्या मुलास सांगितलें होतें, कारण त्याच्यामागून आम्हांस बसावयाचें होतें. आम्ही सायंकाळीं पांचपर्यंत बसलों. गुणांचे तक्ते घरीं नेण्यासाठीं पेनड्राइव्हवर उतरविले. पुढील बाजूचीं छिद्रें सैल झालीं आहेत म्हणून तो पाठीमागें खोंवला होता. मग घाईनें यंत्र बंद करून तो तेथेंच ठेवून आम्ही घरीं गेलों. यंत्रास शेवटचा हात लावणारे आम्ही होतों. "शनिवारीं कोणीं वापरला?" असें साऱ्या वर्गास विचारतांना आम्हीं हा प्रश्न एकाच मनुष्यास विचारला नव्हता, आणि तो मनुष्य म्हणजे आम्ही स्वतः.

पेनड्राइव्ह बाजूस ठेवून कळ दाबली. अर्ध्या मिनिटांत निळी पाटी आली. अर्ज होते, छायाचित्रें होतीं, तक्ते होते. त्या मुलाचा निबंधहि जेथल्या तेथें होता. मग एक एक वस्तु जोडीत गेलों, आणि प्रत्येक वेळीं यंत्र नव्यानें सुरू करून पाहिलें. सर्व वस्तु निर्दोष होत्या. शेवटीं पेनड्राइव्ह लावून पाहिला, तों पुन्हां तोच काळा पडदा व तीच रेघ. शंकेस जागाच उरली नाहीं.

आम्हीं नोटा उचलून त्या गृहस्थांच्या हातीं दिल्या, आणि घडलेलें सर्व सांगितलें. ते हंसले. "होते जी असं. आमच्या गिरणीत बी कधी पाना चक्कीवरच राहून जाते," एवढेंच ते बोलले, आणि नोटा न मोजतांच त्यांनीं रुमालांत बांधल्या.

आतां नखाएवढ्या वस्तूनें एवढें यंत्र कां अडावें, हें समजून घेणें अवश्य आहे. कारण जें समजलें नाहीं तें पुन्हां घडतें. कळ दाबतांच संगणक एकदम कामास लागत नाहीं. सकाळीं शाळा उघडणारा शिपाई जसा आधीं खोल्या पाहतो, घंटा जागेवर आहे काय पाहतो, आणि मग गुरुजनांस वर्दी देतो, तसाच एक लहानसा कार्यक्रम यंत्राच्या मुख्य पाटींत कायमचा कोरलेला असतो. त्यास पूर्वीं बायोस म्हणत. अलीकडील यंत्रांत त्याच्या जागीं यूईएफआय नांवाची नवी व्यवस्था आली आहे. तो प्रथम स्मरणशक्ति, पडदा, की-बोर्ड यांची तपासणी करतो. नंतर, मोठी कार्यप्रणाली कोठें ठेविली आहे, याचा शोध घेतो. या शोधासाठीं त्याच्यापाशीं घरांची एक यादी असते, आणि त्या यादींतील क्रमानेंच तो दारें ठोठावितो. या सर्व क्रियेस बूट होणें असें म्हणतात. बुटाच्या मागील पट्टी धरून मनुष्यानें स्वतःसच वर उचलावें, अशी इंग्रजी भाषेंत एक गमतीची कल्पना आहे. लहान कार्यक्रम मोठ्यास उठवितो आणि यंत्र जणूं स्वतःच्या बळावर उभें राहतें, म्हणून तें नांव पडलें.

आमच्या यंत्रांत उन्हाळ्याच्या सुटींत नवी प्रणाली घालण्यांत आली होती. ती पेनड्राइव्हवरून घातली होती, म्हणून त्या वेळीं यादींत पेनड्राइव्हचें नांव पहिलें व हार्ड डिस्कचें दुसरें करण्यांत आलें होतें. काम झाल्यावर क्रम तसाच राहिला. पेनड्राइव्ह लावलेला नसे तोंपर्यंत त्यानें कांहीं अडलें नाहीं. पहिलें घरच नसल्यामुळें यंत्र सरळ दुसऱ्या घरीं जाई. त्या सोमवारीं मात्र पहिलें घर हजर होतें. अशा वस्तूच्या आरंभीच्या ५१२ बाइटांच्या अखेरीस दोन ठराविक खुणा असल्या, म्हणजे यंत्र तेथें प्रणालीचें दार आहे असें समजून सर्व सूत्रें त्या वस्तूच्या हवालीं करतें. आमच्या पेनड्राइव्हवर खुणा होत्या, परंतु आंत प्रणाली नव्हती. नुसते गुणांचे तक्ते होते. यंत्र आंत शिरलें आणि पुढें वाट न दिसल्यानें उंबऱ्यावरच खोळंबलें. ती लुकलुकणारी रेघ म्हणजे त्याचें खोळंबणें होतें. क्रम चुकीचा राहिला होता, आणि पेनड्राइव्ह विसरला गेला होता. दोहोंपैकीं एकच गोष्ट असती तर कांहींच बिघडलें नसतें.

हा रोग नवा नाहीं. आमच्या विद्यार्थिदशेंत चौकोनी फ्लॉपी असे. ती खोबणींत विसरली म्हणजे दुसऱ्या दिवशीं यंत्र असेंच अडे. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें जो घरगुती संगणक बाजारांत आणला, तो तपासणींत सर्व ठीक असल्यास एकदाच "टुं" असा आवाज करी, आणि की-बोर्डमध्यें दोष आढळल्यास ३०१ हा आंकडा दाखवी. पुढील काळच्या कांहीं यंत्रांवर की-बोर्डची वायर निसटली असतां "की-बोर्ड सांपडत नाहीं, पुढें जाण्यासाठीं एफ-१ ही कळ दाबा" अशा अर्थाची सूचना येई. जो सांपडतच नाहीं त्यावरची कळ दाबावयाची कशी, म्हणून जगांतील कितीतरी लोक तिला हंसले आहेत. १९९६ सालीं यूएसबी ही सर्व जोडवस्तूंसाठीं एकच खोबण ठरविणारी पद्धति जाहीर झाली, आणि जोडणें फार सोपें झालें. तथापि सोपें झालें म्हणून निर्धोक झालें असें नव्हे. २० एप्रिल १९९८ रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं भरलेल्या प्रदर्शनांत मायक्रोसॉफ्ट कंपनीचे बिल गेट्स हे आपली नवी प्रणाली लोकांस दाखवीत होते. त्यांच्या सहकाऱ्यानें एक स्कॅनर यंत्रास जोडला मात्र, आणि भरसभेंत पडदा निळा होऊन यंत्र बंद पडलें. प्रणालीच्या धन्याच्या समक्ष जें घडतें, तें आमच्या कचेरींत घडलें यांत नवल तें काय?

याहून जुनी एक गोष्ट आम्हांस फार आवडते. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क-२ हा अजस्र संगणक अडला. तेथील लोकांनीं शोध केला, तों एका विद्युत्-खटक्यांत एक पतंग अडकून मेलेला सांपडला. त्यांनीं तो काढला, आणि दैनंदिनीच्या पानावर चिकटवून खालीं त्याची नोंद केली. तें पान अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत अद्याप जपून ठेविलेलें आहे. त्यांनीं दोष शोधला, व तो वहींत चिकटविला. आम्हीं शोधावयाच्या आधींच तो एका मुलाच्या कपाळीं चिकटविला.

पालकांपैकीं पुष्कळांस असें वाटतें कीं, संगणक ही आपल्या समजुतीपलीकडील, परक्या लोकांची विद्या आहे. ती अडली म्हणजे पैसे मोजून मोकळें व्हावें. हें भय सोडावें. आमच्या यवतमाळहून शकुंतला नांवाची लहान आगगाडी ज्या मूर्तिजापुरास जात असे, त्याच मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा गांवीं डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. आणि अमेरिकेकडून मोठा संगणक मिळेना तेव्हां त्यांच्याच नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं "परम ८०००" हा महासंगणक उभा केला. ही विद्या आपल्या मातींतील माणसांसहि साध्य आहे. आणि तिच्यांतील पहिली युक्ति तर आम्हांस पिठाच्या गिरणींतूनच मिळाली.

तेव्हां घरचा किंवा शाळेचा संगणक असा अडला, तर पुढील गोष्टी क्रमानें कराव्या. प्रथम यंत्र पुरतें बंद करून विजेचा संबंध तोडावा. मग पडदा व की-बोर्ड यांवांचून जें जें जोडलें असेल तें तें काढावें: प्रिंटर, कॅमेरा, बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, आणि चार्जिंगसाठीं लावलेला मोबाइलसुद्धां. पेटीच्या पाठीमागें हात फिरवून पाहावा. डोळ्यांवर विसंबूं नये. खोबणींतील एखादी पितळी पट्टी वांकली असेल तर तिचाहि स्पर्श दुसरीस होऊन यंत्र आपल्या रक्षणासाठीं बंद पडतें. म्हणून खोबणी उजेडांत पाहाव्या. की-बोर्डची एखादी कळ दबून अडकली आहे काय, तेंहि पाहावें. खडूची भुकटी व चिवड्याचे कण हे तिचे वैरी आहेत. इतकें करून यंत्र मोकळें सुरू करावें. सुरू झालें, तर एका वेळीं एकच वस्तु जोडावी व प्रत्येक वेळीं नव्यानें सुरू करून पाहावें. दोन एकदम जोडल्या तर दोष कोणाचा हें कळणार नाहीं. ज्या वस्तूपाशीं यंत्र अडेल ती बाजूस ठेवावी. यादींतील क्रम दुरुस्त करावयाचा असल्यास आरंभींच एफ-२ किंवा डिलीट ही कळ दाबली असतां बहुतेक यंत्रांत ती यादी उघडते. तींत हार्ड डिस्क पहिली ठेवावी. आम्हीं तसें केलें, व तेव्हांपासून पेनड्राइव्ह लावलेला असतांहि यंत्र अडत नाहीं. मोकळें करूनहि यंत्र उठलें नाहीं, तर मात्र जाणत्यास बोलवावें, आणि काय काय काढून पाहिलें तें त्यास नीट सांगावें. त्याचे अर्धे श्रम व आपला कांहीं पैसा वांचतो. आणि महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत निराळ्या जागीं असूं द्यावी. तेवीस अर्जांची माहिती एकाच पेटींत ठेवण्यांत आम्हीं जो अविचार केला, तो पुन्हां करणार नाहीं.

त्या मंगळवारीं रात्रीं आठ वाजेपर्यंत बसून आम्हीं तेविसांपैकीं तेवीस अर्ज रवाना केले. त्या मुलाचा अर्ज आम्हीं पहिला घेतला. परंतु तेवढ्यानें देणें फिटत नव्हतें. एकुणसाठ मुलांसमोर जें बोललों, तें एकांतांत परत घेतां येत नाहीं. बुधवारीं पहिल्या तासास आम्हीं तांबड्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेविला, घडलेली सर्व हकीकत वर्गास सांगितली, आणि त्या मुलाकडे वळून म्हटलें, "बाळ, तूं खरें सांगितलेंस. तें आम्हीं ऐकूनहि ऐकलें नाहीं. आमची चूक झाली; आम्हांस क्षमा कर."

वर्गांत अगदीं शांतता होती. मुलगा उभा राहिला, मान खालीं घालून कांहीं वेळ थांबला, आणि मग त्यानें विचारलें, "सर, माझा निबंध आहे ना त्यात?"

"आहे," आम्हीं सांगितलें.

"मग मी आज दुपारी येऊन पुरा करू का?"

दुपारीं तो आला. बसण्यापूर्वीं त्यानें टेबलाखालीं वांकून पेटीच्या पाठीमागून एकदां हात फिरविला. आम्ही पाहत होतों, तरी कांहीं बोललों नाहीं. त्याचा तो निबंध याच अंकांत पुढें छापला आहे. वाचकांनीं तो अवश्य वाचावा.